फूटपाथवरच्या बाईच्या छातीत गाठ लागली तर: पहिल्या बोलण्यापासून बायोप्सीच्या रिपोर्टपर्यंत

स्टेशनबाहेर गजरे विकणारी, पुलाखाली भंगार निवडणारी, सिग्नलला लिंबू-मिरची विकणारी एखादी बाई तुमच्या रोजच्या ओळखीची असते. एक दिवस ती पदर नीट करत हळूच म्हणते, "ताई, इथं गाठ आलीय." पुढे काय करायचं ते ठाऊक नसल्यामुळे बहुतेक जण "डॉक्टरला दाखव हं" एवढं बोलून लोकल पकडतात. त्या वाक्याच्या पुढचं सगळं या लेखात आहे. रात्रनिवाऱ्यात, संस्थेत काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग होईलच, पण कसलाही अनुभव नसलेल्या माणसालाही हे जमण्यासारखं आहे.

उशीर नेमका कुठे होतो

फूटपाथवरच्या बायकांना माहिती नसते म्हणून आजार वाढतो, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. गाठ लागते ते बहुतेकींना कळलेलं असतं, कित्येकींना तर महिनोन् महिने. ती दुखत नाही म्हणून कुणी थांबतं, दूध गोठलंय असं जाऊ म्हणते म्हणून कुणी थांबतं, आणि काही जणी दवाखान्यात जाऊनही येतात. केस पेपर निघतो, सर्जरीची ओपीडी होते, सोनोग्राफीची तारीख मिळते, मग तिचा रिपोर्ट, मग बायोप्सीची (गाठीचा तुकडा काढून तपासण्याची) तारीख, मग तिचा रिपोर्ट. पाच-सहा फेऱ्या सहज होतात. घर असलेली बाई या फेऱ्या कुरकुरत का होईना, पूर्ण करते. फूटपाथवरच्या बाईची दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीलाच गळती होते. त्या दिवशीची कमाई बुडते, मूल कुणाकडे ठेवायचं कळत नाही, बसायची जागा दुसरं कुणी बळकावतं, नाहीतर महापालिकेची गाडी येऊन बोचकं उचलून नेते आणि त्यातच तारखेची चिठ्ठी असते.

२०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. रुग्ण उशिरा पोहोचतात, हे या मृत्यूंमागचं एक मोठं कारण. संघटनेनं २०२१ मध्ये सुरू केलेल्या स्तन कर्करोग उपक्रमाचं उद्दिष्ट असं, की बाईनं पहिल्यांदा आरोग्य यंत्रणेला तक्रार दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान व्हावं. हा ६० चा आकडा लक्षात ठेवा. पहिल्या ओपीडीची तारीख कुठेतरी लिहून ठेवा आणि तिथून दिवस मोजा. तुमच्या सगळ्या धडपडीला तेच एक माप आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती मुंबईचीच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी बायकांची छाती हातानं तपासत. यंत्र नाही, तज्ज्ञ डॉक्टर नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडू लागल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा ठोस फरक दिसला नाही. तेव्हा साधा शिकलेला हात पुष्कळ काही करू शकतो, हे याच शहरात दिसलेलं आहे. अडचण अशी, की आरोग्य सेविका घर क्रमांक धरून वस्तीत फिरतात आणि फूटपाथला घर क्रमांक नसतो. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हायला हवी. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत ५७ हजारांवर बेघर माणसं मोजली गेली होती. त्यांतल्या बायका या यादीत येतात कधी?

बोलणं कुठून सुरू करायचं

घोळक्यात नाही, नवऱ्यासमोर नाही, आणि छातीपासून तर मुळीच नाही. पाठ दुखते का, पाळी कशी आहे, झोप लागते का, बाळ पितं का, इथून सुरुवात करा. "स्तन" हा शब्द आपल्या लेखांतच जास्त. ती म्हणेल "छातीत", "अंगावर", "दूधाच्या जागी". तिचाच शब्द घ्या. वयानं मोठी असेल तर मावशी, आजी. सोलापूर-कर्नाटकाकडची असेल तर अक्का. दोन-तीन भेटींत ओळख मुरली की मग विचारा, "काखेत, छातीत कुठं गाठ, जखम काही आहे का?"

पुरुष कार्यकर्ते असाल तर हा विषय एखाद्या बाईला बोलू द्या. वस्तीत बहुधा एखादी बाई असतेच जिचं बाकीच्या ऐकतात: सगळ्यांची बाळंतपणं पाहिलेली, पोलिसांशी भांडलेली. आधी तिला समजावून सांगा. तिनं एकदा "जा गं, ही ताई आहे सोबत" म्हटलं की निम्मं काम झालं.

भीती कसल्या असतात ते माहीत असू द्या, म्हणजे उत्तरं तयार राहतात. "सुई लावली की पसरतो" ही सगळ्यात मोठी. बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही, उलट सुई लावल्याशिवाय औषध कोणतं द्यायचं ते ठरतच नाही, असं साध्या शब्दांत सांगा. दुसरी भीती पकडून नेण्याची. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा, आणि चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाचं नाव फूटपाथवर सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी ओळखपत्र गळ्यात अडकवून गाडीत बसायला सांगितलं की बायका पळतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. म्हणून पहिल्या दिवशी गाडी नको. बसनं नाहीतर लोकलनं, तिच्या सवयीच्या रस्त्यानं जा. तिसरी भीती, नवरा टाकेल. यावर खोटा दिलासा देऊ नका. "आधी काय आहे ते बघू, कुणाला सांगायचं ते तू ठरव," एवढंच खरं आहे, आणि तेवढं पुरतं.

कशावर लगेच हलायचं

छातीत किंवा काखेत लागणारी टणक गाठ, दुखत असो वा नसो. बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा रक्ताळ पाणी येणं. कातडीला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत, जाड दिसणं. एका बाजूचा आकार अचानक बदलणं. बरी न होणारी जखम. यातलं काहीही असेल तर "पुढच्या महिन्यात बघू" नको.

अंगावर पाजणाऱ्या बाईबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे हमखास फसगत होते. छाती लाल, गरम, सुजलेली असेल तर तो दूध साचून झालेला गळूही असू शकतो, आणि बहुतेक वेळा तसाच असतो. पण औषधांचा कोर्स पूर्ण करूनही एक-दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर सोनोग्राफी मागून घ्या. कर्करोगाचा एक वेगानं वाढणारा प्रकार अगदी तसाच दिसतो. "बाळंतीण आहे, दूध गोठलंय" या एका वाक्यानं कितीतरी जणींचे महिने जातात.

तुम्ही स्वतः तिची छाती तपासू नका, शिकलेले नसाल तर. तिला मात्र शिकवा: तीन बोटं जुळवून, चपटी ठेवून, गोल फिरवत, गळ्याखालच्या हाडापासून काखेपर्यंत. पाळी येत असेल तर पाळी सुरू झाल्यापासून साधारण आठवड्यानं. ती हे करणार कुठे, हा प्रश्न आहेच. पैसे देऊन वापरायच्या सार्वजनिक न्हाणीघराशिवाय तिला दार लावून घेता येईल अशी दुसरी जागा नाही, आणि तिथेही बाहेरून दार वाजत असतं. म्हणून आंघोळीचे पैसे भरताना तिथल्या माणसाला "मावशीला जरा वेळ लागेल" एवढं सांगून ठेवा.

आदल्या दिवशीची तयारी

घाई कराल तर इथेच फसाल. या तयारीवर एक पूर्ण संध्याकाळ घालवा.

नावापासून सुरुवात करा. ती स्वतःला काय म्हणवते, जुन्या कागदांवर काय आहे, आधार असेल तर त्यावर काय आहे, हे सगळं जुळतं का बघा. माहेरचं आडनाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, वय एकीकडे ३५ तर दुसरीकडे ४८, असं नेहमीच निघतं. पुढे सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी घेताना याच फरकावरून फाईल अडते. आधार असेल तर केस पेपरवर अक्षरन् अक्षर त्यातलंच नाव सांगायचं, हे तिच्याकडून म्हणवून घ्या. आधार नसेल तर जे नाव पहिल्या केस पेपरवर लिहाल तेच शेवटपर्यंत चालवायचं.

कपडे. फूटपाथवरच्या खूप बायका मॅक्सी घालतात. तपासणीच्या टेबलावर मॅक्सी म्हणजे संकट, सगळीच वर करावी लागते. पुढून हुकांचा ब्लाउज आणि साडी, किंवा कुर्ता-सलवार असेल तर फक्त वरचं काढून भागतं. तपासणीला नकार देणाऱ्या बाईची लाज पुष्कळदा या एवढ्याशा गोष्टीत असते. सकाळी आंघोळ, तेल, वेणी. तुमच्यासाठी नाही, दारावरच्या सुरक्षारक्षकासाठी. मळके कपडे दिसले की तो अडवतो, "कुठे चाललीस?" मॅमोग्राफी (छातीचा एक्स-रे) असेल त्या दिवशी मात्र छातीला, काखेत पावडर लावू देऊ नका, फिल्मवर तिचे ठिपके उमटतात.

बोचकं आणि जागा. दोन्ही कोण राखणार ते आदल्या दिवशी ठरलं पाहिजे. शेजारची बाई, पानटपरीवाला, चहावाला. मूल सोबत आणायचं असेल तर तुमच्यासोबत आणखी एक माणूस हवा, कारण तपासणीच्या खोलीत मूल घेऊ देत नाहीत आणि ती ते अनोळखी बाईकडे देत नाही.

आणि मजुरी. यावर कार्यकर्त्यांत वाद आहे. पैसे दिले की सवय लागते, असं काही जण म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: बुडालेल्या दिवसाचे पैसे द्या, आदल्या दिवशी ठरवून द्या, आणि त्याला मदत म्हणू नका. गजऱ्याची टोपली विकली नाही तर रात्री चूल पेटत नाही. अशा बाईला "तब्येतीपेक्षा पैसा मोठा का?" असं विचारणं क्रूर आहे.

उपाशी नेऊ नका. छातीची सोनोग्राफी, मॅमोग्राफी, किंवा जागा बधिर करून केलेली सुईची बायोप्सी, यांतल्या कशालाच सहसा पोट रिकामं लागत नाही. चहा-पाव, जमलं तर इडली खाऊ घाला. रांगेत चक्कर येऊन पडलेली बाई पुन्हा येत नाही.

न्यायचं कुठे

गल्लीतल्या डॉक्टरकडे नको, आणि नुसत्या शिबिरातही नको. शिबिरवाल्यांना एकच प्रश्न विचारा: गाठ सापडली तर बायोप्सी कोण करणार आणि तिथे तिला कोण नेणार? उत्तर नसेल तर त्या शिबिरात तिचा दिवस घालवू नका. महापालिकेच्या आपला दवाखान्यात प्राथमिक तपासणी मोफत होते. जखमेची मलमपट्टी, साखर, रक्तदाब यासाठी तो जवळचा म्हणून चांगला. पण गाठ हाताला लागतेच आहे, तर एक फेरी वाचवा आणि थेट मोठ्या रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीला जा. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर ही महापालिकेची, भायखळ्याचं जे. जे. सरकारी. शक्यतो तिच्या जागेपासून एका बसनं जाता येईल असं निवडा. नावाजलेलं पण दोन गाड्या बदलून जावं लागणारं रुग्णालय तिसऱ्या फेरीला हरतं. पुरुष डॉक्टरपुढे काही केल्या जाणार नाही म्हणणारीला सीएसएमटीजवळचं कामा रुग्णालय दाखवा. ते बायका-मुलांचंच आहे, तिथे तिचा जीव जरा थाऱ्यावर राहतो.

जखम फुटली असेल, गाठ मोठी असेल, किंवा आधीच्या कुठल्या कागदावर कर्करोगाचा संशय लिहिला असेल तर टाटा मेमोरियल. नोंदणी करताना "जनरल" गटात करा, खासगी गटात नाही. हे आधी माहीत नसलं तर घाईत चुकीच्या रांगेत उभं राहणं होतं. पैसे अजिबात नसतील तर नोंदणीनंतर लगेच तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. केईएम आणि टाटा एकमेकांपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहेत, तेव्हा एका ठिकाणचे कागद घेऊन त्याच दिवशी दुसरीकडे चौकशी करता येते.

खिडकीवर

"पत्ता?"
"पुलाखाली."
"कुठल्या पुलाखाली? बिल्डिंग, रूम नंबर?"

मागून रांग ढकलत असते. ती गप्प होते आणि बाजूला सरकते. अशा खिडकीवरून केस पेपर न काढताच परतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून पत्ता आधीच पाठ करून घ्या: पुलाचं किंवा रस्त्याचं नाव, जवळची खूण, विभाग. निवाऱ्यात राहत असेल तर निवाऱ्याचा पत्ता. नोंदीसाठी काहीतरी पत्ता लागतो, तो घरच असला पाहिजे असं नाही. फोन नंबर दोन द्या, एक तुमचा आणि दुसरा तिच्या जागेजवळच्या टपरीवाल्याचा, त्याला विचारून. रिपोर्ट तयार झाल्याचा किंवा तारीख बदलल्याचा निरोप तिच्यापर्यंत पोहोचायला दुसरी वाट नाही.

आधार नाही म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर आवाज न चढवता समाजसेवा विभागाचा रस्ता विचारा. आधार कायद्यातच असं म्हटलं आहे, की ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीचा दुसरा पर्याय देऊन लाभ द्यायचा.

"सोबत नातेवाईक कोण?" हा दुसरा अडसर. नवरा गावाला, भाऊ माहीत नाही, मुलगा तुरुंगात. इथे तुमचा पाया पक्का असू द्या: सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईच्या तपासणीला संमती तिचीच लागते, नवऱ्याची किंवा आईची नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. सही येत नसेल तर अंगठा, आणि साक्षीदार म्हणून तुम्ही. तुम्ही नातेवाईक असल्याचं खोटं सांगू नका. "मी सोबत आले आहे, संमती त्या देतील," एवढं बोला.

केस पेपर हातात आला की त्यावरचं युनिट (म्हणजे डॉक्टरांचा गट) आणि ओपीडीचा वार वाचा. मोठ्या रुग्णालयात सर्जरीच्या प्रत्येक युनिटचा वार ठरलेला असतो, आणि पुढच्या वेळी त्याच युनिटला, त्याच वारी यावं लागतं. मंगळवारच्या युनिटची बाई गुरुवारी आली तर दिवसभर बसून तशीच परत जाते. वाचता न येणाऱ्या बाईची निम्मी गळती या एका ओळीमुळे होते असं मला वाटतं.

तपासण्या, आणि प्रत्येक वेळी काय मागायचं

निदान तीन पायांवर उभं राहतं: डॉक्टरांच्या हाताची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि बायोप्सी. साधारण चाळिशीच्या आतल्या बायकांना आधी सोनोग्राफी सांगतात, त्यापुढच्यांना मॅमोग्राफी, कधी दोन्ही. तपासणीच्या वेळी खोलीत बाई परिचारिका असू द्या, अशी विनंती दारातच करा. आणि डॉक्टरांना तीन गोष्टी तुम्ही आठवणीनं सांगा, कारण ती सांगणार नाही: गाठ किती दिवसांची आहे, ती गरोदर असण्याची शक्यता आहे का, आणि ती रस्त्यावर राहते. तिसरी सर्वांत महत्त्वाची. "ती फूटपाथवर राहते, परत येणं अवघड आहे, सोनोग्राफी आणि बायोप्सी एकाच दिवशी जमेल का?" हे वाक्य मी तसंच्या तसं वापरते. नेहमी होकार येत नाही, पण पुष्कळ निवासी डॉक्टर स्वतः फोन करून बघतात. ते ज्या गर्दीत काम करतात त्यात त्यांना समोरची बाई कुठून आली ते दिसत नाही. सांगितलं की दिसतं.

बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून जाड सुईनं गाठीचे बारीक तुकडे काढणं. चिरफाड नाही, भरती व्हावं लागत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. नंतर पट्टी एक दिवस कोरडी ठेवायची असते, आणि पावसाळ्यात पुलाखाली हे सोपं नाही. शक्य असेल तर ती रात्र तरी निवाऱ्यात किंवा कुणाच्या तरी घरी काढू द्या. शहरी बेघरांच्या राष्ट्रीय योजनेत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा धरला होता. मुंबईच्या सव्वा कोटीला सव्वाशे हवेत. तेवढे नाहीत, आणि एकट्या बाईला घेणारे तर हाताच्या बोटांवर, म्हणून ही सोय आधीच बोलून ठेवा.

रिपोर्टला दिवस लागतात. कर्करोग निघाला तर त्याच तुकड्यांवर ईआर, पीआर आणि हर-टू अशा आणखी चाचण्या होतात. औषधोपचार कोणता, ते त्यावर ठरतं. म्हणून "बायोप्सी झाली" यावर थांबू नका, या तिन्हींचा निकाल आला का ते विचारा. दुसऱ्या रुग्णालयात जायचं झालं तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून न्यावा लागतो.

उघडी जखम असेल तर वासामुळे बाई माणसांत यायलाच तयार नसते, आणि रांगेत लोक नाक दाबतात तेव्हा ती उठून जाते. निघण्याआधी जवळच्या दवाखान्यात स्वच्छ ड्रेसिंग करून घ्या. वास कमी करण्यासाठी मेट्रोनिडॅझोल वापरतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. हळद, चुना, तंबाखू लावलेली असेल तर रागावू नका, धुऊन घ्या.

पैशाचं

महापालिकेच्या रुग्णालयात केस पेपर आणि तपासण्यांचे दर कमी असतात. खर्च उभा राहतो तो "यंत्र बंद आहे, बाहेरून करून आणा" या वाक्यानं. बाहेर जाण्याआधी समाजसेवा विभागात जाऊन पुअर बॉक्स फंडातून होईल का विचारा; गरजू रुग्णांसाठीच तो निधी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी (१९५१ पासून) आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन (१९६९ पासून) या मुंबईतल्याच संस्था तपासणी आणि मदत दोन्हींचं काम करतात, त्यांच्याशी बोला.

राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल एक गैरसमज आहे, की कार्ड दाखवलं की तपासण्याही फुकट. योजनेची मंजुरी उपचारासाठी मागितली जाते आणि त्या अर्जाला बायोप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो. म्हणजे निदानापर्यंतचा खर्च बहुधा आधीच उभा करावा लागतो. योजनेसाठी मुख्य कागद रेशनकार्ड आणि ओळखपत्र. तेव्हा रिपोर्टची वाट बघण्याचे दिवस वाया न घालवता त्या दिवसांत कागद करायला घ्या. ज्यांना कायमचं घर नाही त्यांच्या नोंदणीसाठी खास सोय करावी, असं आधार कायद्याचं कलम ५ सांगतं. राजपत्रित अधिकारी, आमदार, खासदार किंवा मान्यताप्राप्त निवाऱ्याचे अधीक्षक ठरलेल्या नमुन्यात दाखला देऊ शकतात. काबाडकष्टानं बोटांचे ठसे झिजले असतील तर त्यासाठीही नोंदणीत अपवादाची सोय आहे. योजनेच्या शंकांसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा, आणि रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला ओळखीचं करून घ्या.

खासगी धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवणं बंधनकारक आहे, पण उत्पन्नाचा दाखला मागतात. पहिल्या निदानासाठी त्या वाटेला जाऊ नका, वेळ जातो.

कागद कुठे ठेवायचे

तिच्या अंगावर. औषधाच्या दुकानात मिळते तशी झिपची जाड पिशवी, कागद दुमडून आत, दोरी लावून गळ्यात, ब्लाउजच्या आत. बोचक्यात नाही, गादीखाली नाही. लॅमिनेशन करू नका, केस पेपरवर पुढच्या वेळी लिहावं लागतं. प्रत्येक फेरीनंतर सगळ्या पानांचे फोटो तुमच्या फोनवर घ्या, तिला विचारून. ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, मदत मागण्यासाठीसुद्धा नाही. वस्तीत कुणाला तरी ते दिसतातच, आणि मग सगळा फूटपाथ तिच्याकडे बघायला लागतो. गाडी येऊन सामान उचललं गेलंच, तर केस पेपरचा नंबर फोटोत असतो आणि त्यावरून रुग्णालयात जुनी नोंद शोधायला सांगता येतं.

ती नको म्हणाली तर

ओढून नेऊ नका. कशासाठी नको, ते मात्र ऐका. बहुतेक वेळा कारण आजाराचं नसतं. लग्न आहे, मुलगी बाळंत व्हायचीय, सावकाराचे पैसे आहेत. दहा दिवसांनी पुन्हा जा. मन ताळ्यावर नसलेल्या बाईचा प्रश्न जास्त नाजूक. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार मानसिक आजार आहे म्हणून शरीराच्या आजारावरचे उपचार नाकारता येत नाहीत, आणि आजार आहे एवढ्यावरून तिला निर्णय घेता येत नाही असंही धरता येत नाही. मनोविकार विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्या, म्हणजे दोन्ही डॉक्टर एकाच छताखाली मिळतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट आधी तिला. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलू लागले तर "त्यांना सांगा" म्हणा. कॅन्सर असेल तर "कॅन्सर" हाच शब्द वापरू द्या. "गाठ खराब आहे" असं ऐकलेली बाई मलम घेऊन घरी जाते. त्याच दिवशी, तिथेच, उपचाराच्या ओपीडीची तारीख घ्या आणि आरोग्यमित्राकडे फाईल द्या. ती रडेल, बसून राहील, चहाही घेणार नाही. बसू द्या, पण तारीख घेतल्याशिवाय आवाराबाहेर पडू नका.

केमोथेरपीच्या काळात संसर्गाची भीती असते, पुलाखाली राहून ती पार पडणं कठीण. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, वांद्र्याचं टाटाचं बोर्जेस होम अशा जागा आहेत. तिथे रुग्णालयाची फाईल आणि बहुधा डॉक्टरांची किंवा समाजसेवकांची चिठ्ठी लागते, जागेसाठी थांबावंही लागतं. म्हणून चिठ्ठी पहिल्याच दिवशी मागा.

आणि बऱ्याचदा कॅन्सर नसतोच. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात. तेव्हाही तो कागद पिशवीत राहिला पाहिजे, आणि पुन्हा कधी दाखवायचं ते विचारून घेतलं पाहिजे. "सहा महिन्यांनी" असं तिला सांगून उपयोग नाही. मार्चमध्ये रिपोर्ट आला असेल तर "गणपती बसले की" असं सांगा, टपरीवाल्याच्या कानावर घाला आणि तुमच्या फोनमध्ये त्या तारखेची आठवण लावा.